५७ ग्रॅम की ८५ ग्रॅम? ट्रेकला न्यायचा पाण्याचा फिल्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे. डिसेंबरात तिघं मित्र रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक करणार आहेत, मधे कात्राबाईची खिंड, एक मुक्काम कुमशेतला. पुढच्या जूनमध्ये हिमाचलात हामटा पास. पाठीवरचं वजन कमी करायचंय म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय: सॉयर मिनी ५७ ग्रॅम, कॅटाडिन बीफ्री साठेक ग्रॅम, सॉयर स्क्वीझ ८५ ग्रॅम, लाइफस्ट्रॉची नळी त्याहून हलकी. आणि शेवटी विचारलंय, ‘यातला सगळ्यात हलका आणि भरवशाचा कुठला?’

तक्ता चांगला आहे. पण त्यातल्या सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड वस्तूत पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याएवढाही फरक नाही, आणि तुमचा निर्णय मात्र त्यावरच अडलाय. मी वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतेय. त्यातली बरीच वर्षं आठ-दहा जणांचे छोटे गट घेऊन जाते, म्हणजे पाणी बाधलं तर फोन मलाच येतो. त्या अनुभवावरून सांगते, तुमचे खरे प्रश्न दोन आहेत. वाटेत पाणी कुठे कुठे मिळणार, आणि त्या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण राहतं? यांची उत्तरं मिळाली की फिल्टर निवडायला पाच मिनिटं पुरतात.

आधी वजनाचं बघू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. फिल्टरमुळे वजन वाचतं ते एवढ्याचसाठी, की वाटेत पाणी आहे याची खात्री असेल तर तुम्ही चारऐवजी दीड लिटर घेऊन चालू शकता. अडीच किलो तिथे वाचतात. मिनी आणि स्क्वीझमधले २८ ग्रॅम त्यापुढे किस झाड की पत्ती. उलट मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या एखाद्या कोरड्या धारेवर जाणार असाल तर जगातला सर्वात हलका फिल्टरही निव्वळ ओझं, कारण गाळायला पाणीच नसतं. तेव्हा माणशी चार-पाच लिटर पाठीवर घ्यायचं आणि गप चालायचं.

म्हणून मी फिल्टरच्या आधी पाण्याची यादी करते. एका कागदावर वाटेचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यापुढे ओढा, झरा, विहीर, टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) की काहीच नाही. मग पायथ्याच्या गावात ओळखीच्या घरी फोन. ‘वरच्या टाक्यात पाणी आहे का’ एवढंच विचारायचं नाही, ‘तुम्ही स्वतः ते पिता का’ हेही विचारायचं. एकदा पलीकडून उत्तर आलं होतं, “पाणी लई हाय ताई, पन आमी नाय पीत.” एवढ्या एका वाक्यासाठी तो फोन करायचा असतो.

तुमच्या वाटेवर डिसेंबरात पाण्याची तशी ददात नाही. रतनगडावर टाकी आहेत, मधल्या गावांत विहिरी आणि हातपंप आहेत, हरिश्चंद्रगडावर देवळाच्या परिसरात टाकी आहेत. मधल्या चढावर ओढे असतात, पण डिसेंबरात काही वाहते, काही डबक्यांपुरते उरलेले. त्यामुळे माणशी दोन लिटरच्या बाटल्या आणि बरोबर फिल्टर, हे गणित जमतं.

आता पाण्यात काय असतं ते. इथेच परदेशी व्हिडिओ बघून आपली फसगत होते.

तुम्ही लिहिलेले चारही फिल्टर एकाच जातीचे आहेत. आत शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांची जुडी असते. त्या नळ्यांच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं असतात. पाणी भिंतीतून आत जातं, घाण बाहेर अडकते. डायलिसिसच्या यंत्रातही अशाच नळ्यांची जुडी असते, आणि घरच्या प्युरिफायरवर ‘यूएफ’ लिहिलेलं असतं तेही याच तत्त्वावरचं. छिद्राचा आकार साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोटात महिनाभर गुरगुर लावणारा जिआर्डिया ८ ते १२ मायक्रॉनचा, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा. हे एकपेशीय परजीवी दारातच अडकतात. ई-कोलाय, कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचे, तेही अडकतात. आणि मग येतात विषाणू. कावीळ करणारा हिपॅटायटिस ‘ए’ चा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा. ०.१ च्या छिद्रातून तीन विषाणू हातात हात घालून जातील.

अमेरिकेतला माणूस व्हिडिओत सांगतो की विषाणूंची काळजी नको, ते त्याच्या जागी बरोबर आहे. तो ज्या डोंगरात चालतो तिथे दिवसदिवस वरच्या अंगाला माणूस नसतो, आणि पोटाचे हे विषाणू मुख्यतः माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. आपल्या सह्याद्रीत असा ओढा दाखवा बरं! वर वाडी असते, वाडीच्या वर गुरं असतात, आणि शनिवार-रविवारी गडावर तंबूंची जत्रा. त्या तंबूंतली माणसं सकाळी कुठे जातात ते मी सांगायला नको.

हा फार दूरचा धोका नाही. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली होती ती पाण्यातूनच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि नोरोव्हायरसही सापडला. यातला पहिला तुमच्या फिल्टरमध्ये अडकला असता, दुसरा नसता. आणि हे सगळं आपण रविवारी सकाळी ज्या गडावर पिठलं-भाकरी खायला जातो त्याच्या पायथ्याशी.

माझं स्वतःचं उदाहरण देते. पंधराएक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण कोकणातून घाटावर चढलो. नवा कोरा फिल्टर, त्याचं कोण कौतुक! एका वाडीच्या खालच्या ओढ्यावर बसून सगळ्यांच्या बाटल्या भरल्या. पाणी काचेसारखं. चौथ्या आठवड्यात माझी लघवी चहासारखी झाली, मग डोळे पिवळे. पाचांतल्या दोघांना कावीळ. दीड महिना उसाचा रस, मऊ भात आणि आईची बोलणी. हिपॅटायटिस ‘ए’ अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते सात आठवडे जातात, सरासरी महिना. तारखा तंतोतंत जुळत होत्या. आता ती कावीळ त्या ओढ्यातूनच आली हे मी शपथेवर सांगणार नाही, कारण उतरल्यावर आम्ही स्टँडवर बर्फाचा गोळाही खाल्ला होता. पण तेव्हापासून माणसांच्या वस्तीखालचं पाणी मी नुसतं गाळून पीत नाही.

म्हणजे फिल्टर टाकून द्यायचा का? मुळीच नाही. फिल्टरच्या जोडीला क्लोरीन घ्यायचं. मेडिकलमध्ये मेडिक्लोरसारखी थेंबांची छोटी बाटली मिळते, किंवा पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची पट्टी. वजन नगण्य, आणि किंमत एका मिसळीच्या आत. फिल्टर जे सोडतो ते क्लोरीन मारतं, आणि क्लोरीनला जे दाद देत नाही ते फिल्टर अडवतो. क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच इतकं चिवट असतं की पिण्याच्या पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनने त्याला काही होत नाही. जिआर्डियाही क्लोरीनला बराच वेळ टिकून राहतो. म्हणून एकावर भागत नाही.

क्रम मात्र पाळा. आधी गाळायचं, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन मातीवर आणि पालापाचोळ्यावरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. गाळलेल्या पाण्यात टाकून, बाटली हलवून, झाकण थोडं सैल करून दोन-चार थेंब आट्यांवरून ओघळू द्यायचे, कारण बाटली बुडवताना तिच्या तोंडाला कच्चं पाणी लागलेलं असतं. मग अर्धा तास थांबायचं. पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर. अर्ध्या तासाने हुंगून बघा, क्लोरीनचा पुसट वास यायला हवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीत पाणी पिवळं होतंय का बघतो, तो जे शोधत असतो तेच आपण नाकाने शोधायचं. वास अजिबात नसेल तर पाण्याने क्लोरीन खाऊन टाकलं, पुन्हा टाका.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, गोळी किती लिटरची ते न बघणं. घरोघरी वाटतात ती अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरच्या भांड्यासाठी असते. ती एक लिटरच्या बाटलीत टाकलीत तर पोहण्याच्या तलावातलं पाणी प्यायल्यासारखं वाटेल. पट्टीवरचं वाचूनच घ्या. दुसरी चूक, गोळी टाकल्या टाकल्या चवीसाठी लिंबू किंवा संत्र्याची पावडर घालणं. ‘क’ जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. अर्ध्या तासानंतर घाला, वास जातो आणि पाणी छान लागतं. आधी घातलंत तर सगळं मुसळ केरात. थेंबांची बाटली उन्हाने, उष्णतेने कमजोर होत जाते, म्हणून मी दर मोसमाला नवी घेते. गोळ्या जास्त टिकतात.

क्लोरीनचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, पावसाळी ट्रेक करणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं. लेप्टोचा जंतू. आहे जिवाणूच, पण मळसूत्रासारखा पीळदार आणि जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा. लांबीला चांगला असला तरी अंग चोरून बारीक छिद्रातून पार होतो, प्रयोगशाळेतल्या ०.२ च्या गाळणीतूनसुद्धा. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून भातखाचरांच्या पाण्यात उतरतो. क्लोरीनने मरतो, उकळण्याने मरतो. (तो पायाच्या जखमेतूनही शिरतो, तिथे फिल्टर बिचारा काय करणार!)

आता तुमच्या तक्त्याकडे येते. नळीने थेट ओढून प्यायचा फिल्टर मी तुमच्या यादीतून काढेन. ओढ्यावर पालथं पडून पिता येतं, पण स्वयंपाकाला पाणी कसं काढणार? बाटलीत क्लोरीन कधी टाकणार? लाइफस्ट्रॉची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. ती आली आफ्रिकेतल्या नारूनिर्मूलनासाठी केलेल्या गाळणीच्या नळीतून. आपल्याकडच्या जुन्या माणसांना नारू आठवत असेल, पायातून काडीवर गुंडाळत दोरा काढावा तसा काढायचे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. दुहेरी फडक्यातून पाणी गाळणं हा त्या मोहिमेतला एक मोठा उपाय होता, कारण नारूची अळी सायक्लॉप्स नावाच्या ज्या पाणकिड्याच्या पोटात असते तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असतो.

फडक्याला कमी लेखू नका. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीची अनेक पदरी घडी करून बायकांनी पाणी गाळलं, तर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटलेले असतात, ते किडे फडक्यात अडकतात. ट्रेकवर फडक्याने रोग थांबवायचा नाहीये, फिल्टर वाचवायचाय. माझ्याकडे आईच्या जुन्या सुती नऊवारीचा हातभर तुकडा आहे, चार पदरी. तो बाटलीच्या तोंडाला रबराने बांधायचा आणि मगच बुडवायचं. टाक्यातल्या पाण्यावर शेवाळ, मेलेले किडे, पाकोळ्यांची विष्ठा असं काय काय तरंगतं. म्हणून बाटली उपडी धरून कोपरापर्यंत हात खाली नेते आणि तिथे उलटी करते. वरचा थर आत येत नाही. टाक्यात पाय घालून मात्र उतरू नका, ते गावाचंही पिण्याचं पाणी असतं.

गाळ हा तुमच्या फिल्टरचा पहिला शत्रू. नवा फिल्टर एक लिटर पाणी मिनिटभरात देतो. पावसाळ्यानंतर फडकं न लावता दोन दिवस वापरला की त्याच लिटरला पाच-सात मिनिटं लागतात, आणि बाटली पिळून पिळून मनगट दुखतं. म्हणून मी २८ ग्रॅम वाचवण्याच्या विरुद्ध आहे. लहान कांडीत नळ्या कमी, म्हणजे गाळायचा पृष्ठभाग कमी, म्हणजे तुंबणं लवकर. तिघांत एकच फिल्टर असेल तर मोठा घ्या. संध्याकाळी दमलेले तीन लोक आणि स्वयंपाक धरून आठ-दहा लिटर पाणी, हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मग एक्सेलकडे बघा.

स्क्वीझ आणि बीफ्री यांत निवड करताना मी धुण्याची सोय बघते. स्क्वीझला मोठी सिरिंज लावून उलट्या बाजूने स्वच्छ पाणी दाबून मारता येतं, अडकलेला गाळ फसकन बाहेर येतो. बीफ्री उलट्या दाबाने धुवायचा नसतो, पाण्यात खळबळून साफ करायचा. त्याचा प्रवाह सुरुवातीला फार सुरेख, पण तोंड रुंद असल्याने त्याचीच पिशवी लागते. ती फाटली की आपल्या बाजारात बदली पिशवी चटकन मिळत नाही. स्क्वीझच्या आट्या २८ मिलिमीटरच्या, कोल्ड्रिंकच्या पुष्कळ बाटल्यांना बसतात. सगळ्यांना नाही हं! हल्ली पाण्याच्या कित्येक बाटल्यांच्या माना बुटक्या आणि वेगळ्या मापाच्या झाल्यात. टपरीवर बाटली घेताना फिल्टर खिशातून काढून फिरवून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. बरोबर आलेल्या पातळ पिशवीवर माझा विश्वास नाही. एका ट्रेकला दुसऱ्याच दिवशी माझ्या पिशवीची शिवण उसवली, आणि उरलेले दोन दिवस आम्ही सोड्याच्या बाटलीवर काढले. तेव्हापासून कडक बाटलीच मुख्य आणि पिशवी राखीव.

कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावा. अंधारात, थंडीत, गप्पांच्या नादात बाटल्यांची अदलाबदल होते. फिल्टर बिघडल्यामुळे जितके आजारी पडले असतील त्याहून जास्त या अदलाबदलीने पडले असतील, असा माझा अंदाज आहे.

बाकीचे प्रकार झटकन सांगते. सहा-आठ जणांचा गट असेल तर झाडाला टांगायची गुरुत्वाकर्षणाची पिशवी, तीनेकशे ग्रॅमची. आपण भाजी चिरेपर्यंत पाणी गळून तयार होतं. तिघांसाठी ऐषाराम आहे. अतिनील किरणांची कांडी विषाणूही मारते, लिटरला दीडेक मिनिट लागतं, पण पाणी नितळ हवं आणि बॅटरी जिवंत हवी. थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही. ग्रेलसारख्या दाबून गाळायच्या बाटल्या विषाणूंसकट सगळं काढतात, क्लोरीनची गरज उरत नाही. पण वजन साधारण साडेचारशे ग्रॅम आणि कांडी दोन-अडीचशे लिटरमध्ये संपते. एकट्याने फिरणाऱ्याला, किंवा क्लोरीनच्या वासाने मळमळणाऱ्याला ठीक.

उकळणं सगळ्यात खात्रीचं, त्याला तोड नाही. पाणी खळखळा उकळलं की एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. हामटा पास साधारण ४२७० मीटरवर आहे, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी जंतू मरायला तेवढं पुरतं. अडचण गॅसची आहे. एक लिटर उकळायला छोट्या स्टोव्हवर १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो, वारा असेल तर जास्त. तिघांचं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी २४ लिटर धरलं तर तीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा वर, म्हणजे २३० ग्रॅमचा अख्खा सिलिंडर त्यातच संपून वर तूट. चूल पेटवायचा विचार करू नका, तुमची बरीचशी वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. मुक्कामाच्या घरी मात्र रात्रीच सांगून ठेवा, चुलीवर चहाच्या आधणाबरोबर हंडाभर पाणी उकळून मिळतं. त्याचे पैसे आपणहून द्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना जे जमत नाही ते म्हणजे विरघळलेलं विष. शेतातलं कीटकनाशक, युरिया, खारटपणा या शेवयांतून आरपार जातो, आणि उकळून उलट दाट होतो. फवारणीच्या दिवसांत शेताच्या लगोलग खालचं पाणी घेऊ नका. आणि टाक्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दाट तवंग असेल तर ते पाणी सोडून पुढे चला. त्यातल्या काही शेवाळांचं विष ना या फिल्टरने जातं ना उकळून. तळाशी साधं हिरवं शेवाळ असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही.

हामट्याला दोन गोष्टी बदलतात. हिमनदीचं पाणी दुधाळ असतं, खडक दळून झालेलं पीठच ते. फडक्यातूनही जातं आणि फिल्टरच्या नळ्यांत सिमेंटसारखं बसतं. शक्य तेव्हा मुख्य नाला सोडून बाजूने येणारा स्वच्छ झरा शोधा. नसेल तर संध्याकाळी पातेल्यात पाणी भरून तुरटीचा खडा दहा-बारा वेळा फिरवा, झाकून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात गाळ तळाला बसतो, वरचं अलगद ओतून मग गाळा. आमच्या आजोळी पावसाळ्यात रांजणात हेच चालायचं. त्याआधीच्या पिढ्या निवळीचं बी उगाळून घालायच्या, पाणी ‘निवळणं’ आणि ही ‘निवळी’ एकाच घरातल्या. सुपारीएवढा तुरटीचा खडा ट्रेकला पुरून उरतो.

दुसरी गोष्ट, गोठणं. एकदा वापरलेल्या फिल्टरच्या आत पाणी राहतंच, कितीही झटका. ते गोठलं की फुगून नळ्या तडकतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पाणी उलट जास्त जोरात येतं, माणूस खूश होतो. वरच्या कॅम्पवर जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ जातो. फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी नाही, पोटाशी. गोठल्याची नुसती शंका आली तरी तो फिल्टर संपला असं समजा, आणि उरलेला ट्रेक उकळण्यावर आणि क्लोरीनवर काढा. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात पहाटे थंडी चांगलीच असते, त्यामुळे ही सवय तिथेच लावून घ्या.

तर तुमच्यासाठी मी हे घेईन: स्क्वीझच्या मापाचा एक मोठा फिल्टर, सिरिंजसकट. एक-एक लिटरच्या दोन कडक बाटल्या माणशी, आणि लाल पट्टीची एक कच्च्या पाण्याची. क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब. सुती फडकं. हामट्याला जाताना तुरटी. हे सगळं मिळून पाणी सोडून तिघांत पाव किलोच्या आसपास, बाटल्या वेगळ्या. वस्तीच्या वर, कपारीतून थेट निघणारा झरा असेल तर मी नुसतं गाळून पिते. टाकं, वस्तीखालचा ओढा, गर्दीचा गड, इथे गाळून वर क्लोरीन. हातपंपाला फक्त क्लोरीन चालतं. बरोबर कुणी गरोदर असेल, कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी असेल किंवा लहान मूल असेल तर हे सगळं बाजूला ठेवून उकळलेलंच. आणि हिपॅटायटिस ‘ए’ ची लस मिळते, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. मला ती कावीळ होऊन गेल्यावर कळली.

आल्यावर फिल्टर तसाच सॅकच्या कप्प्यात टाकू नका. सिरिंजने चार-पाच वेळा उलटा धुवा, शेवटच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब घाला, आणि आठवडाभर खिडकीत सावलीला सुकू द्या. पुढच्या वेळी पाणी फारच हळू आलं तर अर्धा तास कोमट पाण्यात बुडवा. कोमट, उकळतं नव्हे. बोअरच्या जड पाण्याने क्षार धरले असतील तर पांढरं व्हिनेगर. आणि निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या नळावर एक बाटली गाळून, घड्याळ लावून बघा. रबराची चकती जागेवर आहे ना, तेही तेव्हाच. माझी एकदा ओट्यावरच राहिली होती. पाणी फिल्टरच्या आतून येण्याऐवजी बाजूने ठिबकून थेट स्वच्छ बाटलीत पडत होतं, आणि ते आमच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी दुपारी.